मदत हवी आहे: एक प्रिंटर, दोन राउटर, सगळ्यांना प्रिंट कशी मिळेल?

गावभागकर
नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात जुनं दुमजली घर, भिंती दीड फुटी. खाली हळदीच्या अडतीचं कागदकाम, वर राहणं. खालच्या डेस्कटॉपला कॅनन एलबीपी २९०० हा जुना प्रिंटर यूएसबीने जोडलाय. वरून प्रिंट हवी तर फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची आणि खाली हाक मारायची, असं चाललंय.

हवंय ते असं: दोन लॅपटॉप (विंडोज ११), डेस्कटॉप (विंडोज १०) आणि तीन अँड्रॉइड फोन, सगळ्यांवरून प्रिंट. महिन्याला चारशेच्या आसपास पानं, बहुतेक काळीच: पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब), बिलं, जीएसटीचे कागद. रंगीत म्हणजे मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट, तेही कधीमधी. बजेट पंधरा ते वीस हजार. जुनाच शेअर करावा की नवा वायफायवाला घ्यावा? फायबरचा राउटर खाली आहे, वर रेंज येत नाही म्हणून केबल ओढून दुसरा लावलाय.

टोनरकाका
२९०० दणकट मशीन आहे, भंगारात घालू नका. ३०३ कार्ट्रिज सहज रिफिल होतं. पण त्याला नेटवर्क कळत नाही. पान तयार करण्याचं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो, प्रिंटर फक्त छापतो. म्हणून राउटरच्या यूएसबी पोर्टात खुपसून काही होणार नाही. रास्पबेरी पायचा (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) सल्लाही कुणी देईल, पण कॅननचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी आहे, पायवर तो चालत नाही.

राहिला विंडोज शेअरिंगचा मार्ग. डेस्कटॉपवर नेटवर्क प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा, 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा, प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंग टॅबवर छोटं, स्पेस नसलेलं नाव द्या. विंडोजच्या युजरला पासवर्ड हवाच, कोऱ्या पासवर्डवर बाहेरून आत घेत नाही. डेस्कटॉपची स्लीप बंद.

लॅपटॉपवर शेवटी ११बी असलेला एरर आला, तर तो सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटपासूनचा आहे. नेटवर रजिस्ट्री बदलायचा उपाय सापडेल, पण तो म्हणजे कुलूपच काढून ठेवणं. त्यापेक्षा लॅपटॉपवर २९०० चा ड्रायव्हर आधी स्वतंत्र टाका, मग 'अ‍ॅड पोर्ट'मध्ये 'लोकल पोर्ट' निवडून पोर्टचं नाव म्हणून शेअरचा पूर्ण पत्ता (डेस्कटॉपचं नाव आणि मग प्रिंटरला दिलेलं नाव) द्या, दोन उलट्या तिरक्या रेघांपासून सुरू होणारा.

फोनवरून मात्र यातलं काही जमणार नाही, आणि डेस्कटॉप बंद तर सगळंच बंद.

सायन_मॅजेंटा
फोनवरून प्रिंट हवी म्हणजे नवा घ्यावाच लागेल. तुमच्या कामाला काळा लेझर, डुप्लेक्स आणि लॅन पोर्टवाला. ब्रदरच्या मॉडेलची शेवटची अक्षरं बघा: डी म्हणजे दोन्ही बाजूंनी छपाई, एन म्हणजे लॅन केबल, डब्ल्यू म्हणजे वायफाय. दुकानात नुसता डीवाला गळ्यात मारतात, तो यूएसबीच निघतो. एप्सनमध्येही तेच: एल३२१० ला वायफाय नाही, एल३२५० ला आहे, दिसायला सारखेच. अँड्रॉइड फोनसाठी खोक्यावर मोप्रिया (फोनवरून थेट छपाईची सोय) लिहिलेलं असावं.

इंकटँक (टाकीत शाई ओतायचा प्रिंटर) रंगीतला स्वस्त, पण बरेच दिवस बंद राहिला की नोझल सुकू शकतं. हेड क्लिनिंग मारलं की शाई वेस्ट पॅडमध्ये जाते, तो पॅडही एक दिवस भरतो. शाळेचे प्रोजेक्ट बाहेरून काढून आणा, त्यासाठी इंकटँक पोसू नका.

पोर्ट९१००
मॉडेल ठरवण्याआधी एक सांगा. वरचा राउटर कसा जोडलाय? केबल वॅन पोर्टात (इंटरनेट आत घ्यायचा) आहे की लॅनमध्ये (घरातली मशीनं जोडायचा)? खालच्या आणि वरच्या मशीनवर आयपीकॉन्फिग कमांड चालवून पत्ते टाका.

गावभागकर
वॅनमध्ये. खाली १९२.१६८.१.७, वर १९२.१६८.०.१०४.

पोर्ट९१००
वाटलंच होतं. तुमच्या घरात दोन वेगळी नेटवर्क आहेत. प्रिंटर वर ठेवला तर खालच्या डेस्कटॉपला तो सापडणारच नाही. खाली ठेवला तर वरचा लॅपटॉप आयपी टाकून पोचेल, पण फोनला दिसणार नाही, कारण फोन प्रिंटर शोधतो ती हाक राउटर ओलांडत नाही. वीस हजारांचा प्रिंटर आणून मग दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

आधी वरचा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता खालचंच वर नेईल. तो पर्याय नसेल तर त्याला १९२.१६८.१.२ पत्ता द्या (खालचा राउटर आपोआप पत्ते वाटतो त्या, म्हणजे डीएचसीपीच्या, रेंजबाहेर असेल असं बघा), त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये लावा. क्रम हाच ठेवा. वरच्या फोनला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळाला की झालं.

मग प्रिंटर. खालच्या राउटरला थेट केबलने जोडा, दीड फुटी भिंतींत वायफायच्या नादी लागू नका. वायफायच करायचं तर बहुतेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात. २.४ आणि ५ या दोन्ही बँडना एकच नाव असेल तर सेटअपपुरता ५ गिगाहर्ट्झचा बंद करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा, आणि गेस्ट नेटवर्कवर प्रिंटर कधीच नको.

प्रिंटरवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा, त्यातला मॅक पत्ता (प्रिंटरचा कायमचा ओळख क्रमांक) राउटरच्या 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये घालून १९२.१६८.१.५० बांधून टाका. प्रिंटर 'ऑफलाइन' दिसायचं मोठं कारण म्हणजे वीज जाऊन आल्यावर बदललेला पत्ता. विंडोजमध्ये आपोआप आलेला डब्ल्यूएसडी पोर्ट सोडून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' करा. तरीही उगाच ऑफलाइन दाखवलं तर पोर्टच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची टिक काढा.

गावभागकर
वरचा बदलला. आता सगळीकडे १९२.१६८.१ येतंय. डीएनवाला लेझर बघतोय. इन्व्हर्टरवर चालेल का?

टोनरकाका
लेझर इन्व्हर्टरवर किंवा कॉम्प्युटरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर लावू नका. फ्युझर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना एकदम काहीशे वॉट ओढतो, यूपीएस बीप करून बसतो. थेट भिंतीतल्या प्लगला, अर्थिंगसकट. राउटर मात्र छोट्या यूपीएसवर ठेवा. लाइट आल्यावर प्रिंटर आधी जागा झाला आणि राउटर मागाहून, तर प्रिंटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येऊन बसतो. तसं दिसलं की प्रिंटर बंद करून परत चालू करा.

सायन_मॅजेंटा
आणि पावसाळ्यात ट्रेमध्ये अख्खं रीम भरू नका. नदीकाठची हवा, कागद दमट होतो, लेझरमधून गुंडाळी होऊन निघतो किंवा दोन-दोन पानं ओढली जातात. पन्नासेक पानं ट्रेमध्ये, बाकीचं रीम प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात.

फोनवरून पट्टी छापताना जुन्या (युनिकोड नसलेल्या) फाँटातली वर्ड फाइल पाठवू नका, अक्षरांचा चिवडा होईल. डेस्कटॉपवर पीडीएफ करून ती पाठवा.