भाच्याच्या एका प्रश्नावर अडलोय, जाणकारांनी मदत करा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बकरी ईदला ताईकडे जेवायला होतो. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला. बिर्याणीचं ताट समोर तसंच ठेवून मला म्हणतो, मामू, शंभर वर्षं तकरीरी ठोकून काय मिळालं, तालिबानने 20 वर्षं लढून 2021 ला अमेरिकेला घालवलंच ना, इस्लाम परत उभा करायचा तर रस्ता तोच. पोरगं कुठल्या भानगडीत नाहीये हो, व्हिडिओ बघतं आणि तोंड चालवतं, पण माझा घास अडकला.

मी म्हटलं, अरे हे करून बसलेल्यांनीच सोडलंय. इजिप्तच्या गमा इस्लामिया या हत्यारी संघटनेच्या नेत्यांनी जुलै 1997 ला हत्यारं ठेवायची घोषणा केली, त्याच नोव्हेंबरात त्यांच्यातल्याच एका टोळीने लक्सरला 62 माणसं मारली, मग नेत्यांनी पुस्तकं लिहून आपलं चुकलं कुठे ते मांडलं. डॉ. फद्ल, ज्याची पुस्तकं अल कायदावाले वाचायचे, 2007 ला तोसुद्धा उलटला. भाचा हसला, म्हणे सगळे जेलमधे होते ना? अल कायदाच्या जवाहिरीने तेव्हा हाच टोमणा मारला होता, की कोठडीतलं फॅक्स मशीन आणि शॉक द्यायचं मशीन एकाच लाइनवर आहे का म्हणून.

खरं सांगतो, मला खोडता आलं नाही. मग मौलाना वहिदुद्दीन खान सांगितले, जमात-ए-इस्लामीमधून बाहेर पडून 1963 ला त्या जमातचे संस्थापक मौदुदी यांच्या राजकीय इस्लामवर टीका करणारं अख्खं पुस्तक लिहिलं, ते तर मोकळे होते. तर भाचा म्हणे ते पद्मविभूषणवाले, सरकारी मौलाना! 2014 ला आयसिसच्या बगदादीला खुलं पत्र लिहिणारे शंभरावर उलेमा? दरबारी! म्हणजे आतला घाबरून बोलला, बाहेरचा विकला गेला, मग उरलं कोण?

रात्री गाडीवरून येताना मौदुदीच आठवले, जन्म आमच्याच औरंगाबादचा, 1903 चा. 1948 ला पाकिस्तानात राहून ते म्हणाले की सरकारचे भारताशी करार असताना काश्मीरमधे आडून लढणं जिहादात बसत नाही. केवढा गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी त्यांना आत टाकलं. म्हणजे इथे बोलणं आधी, जेल नंतर. लढाईच नको असं ते म्हणत नव्हते हे मलाही कळतं, म्हणून हा दाखला भाच्यापुढे टिकेल का अशी धाकधूक आहे. कुणी नीट वाचलंय का यावर?

दुसरं, स्वतः लढून आलेला, कुणी पकडलेलं नसताना मागे फिरलेला असा माणूस सांगा. मराठी किंवा इंग्रजीतलंच काही सुचवा, त्याला उर्दू वाचता येत नाही (मलाही अडखळतच येतं). ताई म्हणते फोन काढून घे, ते करणार नाही, होस्टेलवर दुसरा घेईल.

आणि प्लीज, हिंदू-मुस्लिम सुरू करू नका इथे, त्यासाठी ढीगभर धागे आहेत. गणपतीच्या सुट्टीत येतोय तो, तोवर थोडं वाचून ठेवायचंय.