मदत हवी आहे : रिफ्रेश केल्यावर नेमके काय ताजे होते?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात पूर्व भागात आमचे टॉवेल आणि चादरींचे घाऊक दुकान आहे. माल वडील पाहतात, संगणक आणि संकेतस्थळ मी पाहतो. संगणकाचे शिक्षण मी घेतलेले नाही, त्यामुळे अडचण थोडी सविस्तर मांडतो आहे.

गड्ड्याच्या यात्रेआधी सुताचे भाव चढले, म्हणून आम्ही टर्किश टॉवेलचा भाव नगाला ९५ रुपयांवरून ११० रुपये केला. आमच्या संकेतस्थळावर दरपत्रक चित्राच्या स्वरूपात असते. जुने चित्र काढून मी त्याच नावाने नवे चढवले, माझ्या मोबाइलवर ११० दिसल्याची खात्री केली आणि निर्धास्त झालो. तीन दिवसांनी लातूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा ४० डझन टॉवेलांसाठी फोन आला, तेव्हा ते ९५ चाच भाव धरून बोलत होते. त्यांनी आपल्या पडद्याचा फोटो पाठवला, त्यात खरोखरच ९५ होते. आकडा आमच्याच संकेतस्थळावरचा असल्यामुळे वडिलांनी एका शब्दानेही न कुरकुरता जुन्या भावाने माल दिला. ७,२०० रुपयांचा फरक सोसता येतो, पण आम्ही दाखवतो एक भाव आणि लावतो दुसरा, असे एखाद्या नव्या गिऱ्हाइकाला वाटले तर ते कसे निस्तरायचे, याची मला जास्त काळजी आहे.

त्याच संध्याकाळी गल्ल्यावरच्या संगणकावर पाहिले, तर तिथेही ९५. एफ ५ दाबले, पान क्षणभर पांढरे झाले, वरचे चक्र फिरले आणि पुन्हा ९५ च आले. असे पाचसहा वेळा झाले. शेवटी एका मित्राच्या सांगण्यावरून कंट्रोल धरून एफ ५ दाबले आणि पहिल्याच खेपेला ११० उमटले. दोन्हींना रिफ्रेशच म्हणतात, मग एकाने जे झाले नाही ते दुसऱ्याने कसे झाले? संकेतस्थळ करून देणाऱ्यांना विचारले, तर ‘गिऱ्हाइकांना रिफ्रेश करायला सांगा’ एवढेच उत्तर मिळाले. लातूरच्या माणसाला फोनवर हे कसे सांगायचे, आणि मोबाइलवर कंट्रोल कुठून आणायचे?

आणखी दोन शंका आहेत. आमचा ऑर्डरचा फॉर्म पाठवून झाल्यावर पान रिफ्रेश केले, की माहिती पुन्हा पाठवायची का असे ब्राउझर विचारतो. पुतण्याने एकदा ‘होय’ केले आणि एकच ऑर्डर दोनदा नोंदली गेली. दुसरे असे की, संगणक जड झाला म्हणून वडील रोज सकाळी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चारपाच वेळा रिफ्रेश करतात. त्याने मेमरी मोकळी होते का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपण दिलेल्या तपशिलावरून कारण बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. एकदा आणलेले चित्र ब्राउझर आपल्या साठवणीत, म्हणजे कॅशेमध्ये ठेवतो आणि ते किती काळ ताजे मानायचे हे सर्व्हरने, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर ठेवलेले असते त्या संगणकाने, चित्रासोबतच कळवलेले असते. ती मुदत संपेपर्यंत ब्राउझर सर्व्हरच्या दाराशी जातच नाही. नुसते एफ ५ दाबल्यावर ब्राउझर मुख्य पानाबद्दल सर्व्हरला ‘हे बदलले आहे का’ असे विचारतो, आणि बदल नसेल तर सर्व्हर ३०४ हा संकेत देऊन पान पुन्हा पाठवण्याचे टाळतो. मात्र २०१७ पासून क्रोम पानातल्या चित्रांसाठी ही विचारणा करत नाही. मुदत शिल्लक असेल तर साठवणीतलेच चित्र दाखवतो. कंट्रोल-एफ ५ मध्ये साठवण बाजूला ठेवून सगळे नव्याने मागवले जाते.

गिऱ्हाइकाला काहीही दाबायला लावू नका. दर बदलला की चित्राचे नाव बदला, जुने दरपत्रक-१ असेल तर नवे दरपत्रक-२ करा, आणि पानातही तेच नाव घाला. नव्या नावाचे चित्र कोणाच्याच साठवणीत नसल्यामुळे ते सर्व्हरवरूनच येईल.

फॉर्मचे रिफ्रेश म्हणजे शेवटची मागणी जशीच्या तशी पुन्हा पाठवणे. ऑर्डर नोंदल्यावर सर्व्हरने ३०३ संकेताने ब्राउझरला वेगळ्या ‘ऑर्डर मिळाली’ पानाकडे वळवावे, म्हणजे रिफ्रेश केल्यावर फक्त ते पान पुन्हा येईल. हे काम आपल्या संकेतस्थळवाल्यांचे आहे आणि ते त्यांच्याकडून आग्रहाने करून घ्यावे.

वडिलांच्या रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चिन्हे नव्याने मांडली जातात, एवढेच. रॅमलाही, म्हणजे संगणकाच्या मेमरीलाही, रिफ्रेश लागते, पण ते निराळे. तिच्यातला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरली जाते. हे काम यंत्र आपोआप करते, त्यासाठी कळ नसते. संगणक जड वाटत असेल तर टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्राम मेमरी अडवतो आहे ते पाहावे.

धागाकर्त्याचे उत्तर :

मनापासून आभार. कोणती फाइल कुठून आली हे दाखवणाऱ्या ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिले, तर दरपत्रकाच्या ओळीत ‘डिस्क कॅशे’ असे होते आणि मुदत २५९२००० सेकंद, म्हणजे पूर्ण ३० दिवस होती. लातूरच्या गिऱ्हाइकाने आधीच्याच आठवड्यात दरपत्रक पाहिले होते, त्यामुळे त्यांना ९५ का दिसले हे आता कळले. काल नाव बदलून चित्र चढवले आणि त्यांना पान उघडायला सांगितले. त्यांनी काहीही न दाबता ११० वाचून दाखवले. फॉर्मचे काम संकेतस्थळवाल्यांनी सोमवारपर्यंत मागून घेतले आहे. तोवर ऑर्डर फोनवरच घेतो आहोत.