मॉलच्या पार्किंगमधून स्कूटर चोरीला – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी पुण्यातल्या एका मॉलच्या तळघरातून माझी स्कूटर गेली. तीस रुपये घेऊन पावती दिली होती. एफआयआर झालाय. मॉलवाले पावतीमागचं 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' दाखवतात, वर कॅमेरा बंद होता म्हणे! (पैसे घ्यायला मात्र माणूस हजर.)

2019 मध्ये ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की निष्काळजीपणा असेल तर अशा छापील ओळीआड लपता येत नाही. पण तिथे गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे होती, माझी माझ्याच खिशात. मग तो निकाल मला लागू पडेल का? ग्राहक आयोगात मॉल आणि पार्किंगचा ठेकेदार, दोघांनाही प्रतिवादी करावं का? बाकीच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण पुसलं जाण्याआधी पत्र कुणाला द्यावं?