बुद्धाचा शिष्य आनंद याने हे उत्तर आधीच दिलंय

बुद्ध तृष्णा सोडायला सांगतो, त्यावर "तृष्णा सोडायची इच्छा हीसुद्धा तृष्णाच की" असं कुणी म्हटलं की मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण जुना आहे. कोसंबी नगरीतल्या घोषिताराम या विहारात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने आनंदाला नेमकं हेच विचारलं होतं, संयुत्त निकाय या पाली ग्रंथात आहे. आनंदाने उलट विचारलं, इथे विहारात यायची इच्छा झाली होती ना? मग पोचल्यावर ती कुठे गेली? पोचल्यावर ती शमली, हे ब्राह्मणाने मान्य केलं. पालीत इथे 'छंद' (काही करायची इच्छा) हा शब्द आहे, 'तण्हा' (तृष्णा, हाव) नाही. मराठीत दोन्हीला आपण 'इच्छा' म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथेच होतो. (आपला 'छंद' तर आता तिकिटं जमवण्यापुरताच उरलाय.)

हा फरक मला इगतपुरीला कळला, तिथे विपश्यना शिबिरात दहा दिवस ध्यानाला बसलो होतो. पंचशील, म्हणजे चोरी, हिंसा वगैरे न करण्याचं व्रत, पहिल्याच संध्याकाळी घेतलं, चोरी वगैरे करणार कुठे, म्हणून सोपं वाटलं. मग तीन दिवस नुसता नाकपुडीखालचा श्वास बघायचा. दुसऱ्या दिवशी पाचच्या चहाला शेजाऱ्याच्या ताटात दोन केळी दिसली, माझ्याकडे एक. सहाची बैठक अख्खी त्या केळ्यात गेली! श्वास सापडला तो थेट सात वाजता, उठताना.