'सेट'ने आपली क्रियापदं खाल्ली का?

सूरसागरकाठी: काल सूनबाईंनी विचारलं, "आई, दही सेट झालंय का बघता?" म्हटलं, अगं, दही लागतं! मग दिवसभर कान तिकडेच. घड्याळ सेट केलं, केस सेट केले, शेजारचा मुलगा कॅनडात सेट झाला, आणि समोरचे गुजराती भाई "बधुं सेट छे", म्हणजे सगळं सेट आहे, म्हणत स्कूटरवरून गेले. लावणं, बसवणं, जमणं, सगळ्यांचं काम एकट्याकडे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ साली सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती, चारशेवर अर्थ. असू दे त्याचं पोट मोठं, आपण आपलं ताट का सरकवायचं?

दांडियाबाजारकर: काकू, 'लागतं' म्हणालात आणि तिथेच सापडलात. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. घाटात गाडी लागते, फलाटावरही गाडी लागते. तक्रार तर इंग्रजांनी करायची!

सूरसागरकाठी: 'लागणे'ने कुणाचा घास घेतला नाही रे. नातवाला 'विरजण' म्हणजे काय ते सांगावं लागतं.

मांडवीपलीकडे: मुळात 'सेट' हा एक शब्दच नाही. ठेवणे, बसवणे या अर्थाचं क्रियापद जुन्या इंग्रजीतलं. चहाचा किंवा दागिन्यांचा सेट फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे पंथ, अनुयायी. दिसायला सारखे, पुढे एकमेकांत मिसळले. आणि लांबीचा मान आता 'रन'कडे गेलाय, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ.

रावपुरा: आपल्या याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू' करवून घेतला, १९३१ साली. कारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी वगैरे प्रतिशब्द. कचेरीची सोय झाली. स्वयंपाकघरातला शब्द मात्र हात चालतो तोवरच टिकतो. दही पिशवीतून यायला लागल्यावर विरजण कोण आठवणार? दोष 'सेट'ला देऊ नका.

सूरसागरकाठी: आमच्याकडे दही घरीच लावतात. सूनच लावते. म्हणून तर चिडले!

दांडियाबाजारकर: बरं, पण लागलं का शेवटी?

सूरसागरकाठी: नाही. थंडी होती, विरजण कमी पडलं.