२२ कॅरेट अंगठीचा सांधा उघडतोय

प्रश्न : दीड मिलिमीटर तारेची अंगठी. डाक (सांधा जोडायला वितळवतात तो मिश्रधातू) वितळतो, पण गोळी होऊन एकीकडेच पळतो. निमुळत्या दांड्यावर ठोकली की सांधा उघडतो. सवागी (टाकणखार) तर भरपूर लावतो.

प्रतिसाद १ : भरपूर, तिथेच घोटाळा! सवागी फुगून डाकाचा तुकडा उचलून फेकते. पाण्यात उगाळून दुधासारखी पातळ लावा, मंद आचेवर सुकवा. डाक जास्त तापलेल्या बाजूकडे धावतो; ज्योत आधी अख्ख्या अंगठीवर फिरवा, सांध्यावर शेवटी.

प्रतिसाद २ : त्याआधी सांधा उजेडासमोर धरा. फट दिसली तर टोकं जुळवून त्याच सांध्यातून करवतीचं बारीक पातं फिरवा, म्हणजे दोन्ही तोंडं समांतर होतात. मग पुन्हा दाबून मिटवा. डाक फट बुजवत नाही, भिडलेल्या तोंडांत ओढला जातो. गोळी होते ती बहुधा मळामुळे. बोटाचं तेलही त्याला पुरतं.

प्रतिसाद ३ : डाक कॅडमियमचा असेल तर आजच बंद करा, धूर फुप्फुसं जाळतो. जस्ताचा वापरा, पण वारंवार तापवू नका. जस्त उडतं, सांधा सच्छिद्र होतो. आणि जोडणीनंतर दागिना साफ करायच्या आम्लात लोखंडी चिमटा नको, दागिन्यावर तांबं चढतं.