मदत हवी आहे: विद्यापीठाच्या टेक-ट्रान्सफर ऑफिसमधल्या कामासाठी तयारी कशी करू?

माटुंग्यात राहते, एमएस्सी झालंय (ऑरगॅनिक केमिस्ट्री). लॅबमधलं संशोधन कंपन्यांना लायसन्सवर देणं, स्टार्टअपना उभं करणं, या कामात शिरायचंय. आधी एलएलबी करू की पेटंट एजंटची (इतरांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याची) परीक्षा देऊ?

दादरकर:
एलएलबी थांबू शकतं. एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी पुरते. दोन लेखी पेपर आणि तोंडी. दोन्ही लेखी पेपरांत प्रत्येकी ५० आणि एकूण ६० टक्के हवेत. पहिला पेपर कायदा पाठ करून निघतो, दुसऱ्याला क्लेम (पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारी वाक्यं) लिहायचा हात लागतो. पेटंट ऑफिसच्या इनपास या शोध-साइटवरून तुमच्या विषयातली पेटंटं काढा, फक्त वर्णन वाचून क्लेम स्वतः लिहा, मग मूळ क्लेमशी ताडून बघा. 'comprising'च्या (हे घटक, शिवाय आणखीही चालतील) जागी 'consisting of' (फक्त एवढेच घटक) पडलं की हक्क किती आक्रसतो, ते तिथेच कळतं.

पवईची_खिडकी:
लायसन्सपेक्षा जास्त वेळ जातो डिस्क्लोजर फॉर्म (संशोधक आपला शोध ऑफिसला कळवतात तो) तपासण्यात. कुणी काय शोधलं, पैसा कुणाचा, कुठे बोललात का. विभागप्रमुखांचं नाव निव्वळ मानापोटी संशोधकांत घातलेलं असतं आणि खरं काम केलेली विद्यार्थिनी यादीतच नसते. हे पुढे कंपनीच्या वकिलाच्या नजरेला पडलं की सौदा अडतो. प्रोव्हिजनल (तारीख धरून ठेवणाऱ्या प्राथमिक) अर्जानंतर १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (क्लेमसकट पूर्ण वर्णन) गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्यासारखाच. थेट परदेशात फाइल करायचं असेल तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ची परवानगी घ्या, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा.

स्टार्टअपची बाजू शिकायला आयआयटी मुंबईचं साइन (स्टार्टअपना उभं करणारं केंद्र, २००४ पासूनचं) बघा, आणि स्टार्टअप इंडिया सीड फंडाचे नियम वाचा: प्रूफ ऑफ कन्सेप्टला (कल्पना चालते हे दाखवायला) २० लाखांपर्यंत अनुदान, पण अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांहून जुनी चालत नाही. प्राध्यापक कंपनी आधी काढतात आणि विद्यापीठाशी लायसन्सचं बोलणं मागाहून, त्यात हीच दोन वर्षं सरतात.

प्रश्नकर्ती:
आणि पेटंटचा अर्ज करण्याआधीच शोधाचं पोस्टर कुठे लागलं असेल तर?

दादरकर:
अर्जाआधी शोध जाहीर झाला की तो नवा धरत नाहीत. त्यातून सूट देणारी कलम ३१ची १२ महिन्यांची सवलत अगदी अरुंद आहे: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला पेपर. कॉलेजच्या फेस्टमधलं पोस्टर त्यात बसवायला जाऊ नका. युरोपातलं पेटंट तर बहुतेक गेलंच. तरी पोस्टरचा फोटो मागवा आणि ओळ न् ओळ वाचा. नुसतं यील्ड (किती टक्के माल मिळाला ते) छापलंय, कॅटॅलिस्ट आणि तापमान नाही, असं असेल तर प्रक्रियेचा क्लेम अजून वाचू शकतो. त्याच दिवशी प्रोव्हिजनल टाका.